पाटी आहे पण भाडेकरू नाही

प्रश्न : आमचं शाहूपुरीत लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापायचं दुकान आहे. डीटीपीच्या कॉम्प्युटरला विंडोज १०, ६४ बिट, आणि सी ड्राईव्ह १२० जीबीचा, तो सारखा लाल होतो म्हणून एक फुकटातलं क्लीनअप सॉफ्टवेअर टाकलं. आता त्याच्या यादीत दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेलं पीडीएफचं सॉफ्टवेअर अजून दिसतंय आणि डी ड्राईव्हवरनं रोज चालणारा पोर्टेबल ब्राउझर मात्र दिसतच नाही. क्लीनअप काढून परत टाकलं, काही फरक नाही. कॉम्प्युटरवाला म्हणतो रजिस्ट्री क्लीन मारा, सगळं सुटतंय. मारू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नका मारू. डीटीपीच्या मशीनवर तर अजिबातच नको, तिथं प्रिंटरच्या नोंदी आणि कितीतरी सॉफ्टवेअरची लायसन्स रजिस्ट्रीतच, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतच असतात, आणि ऐन लग्नसराईत एखादी नोंद उडाली की दुकान बसलं. रजिस्ट्री क्लीनरला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. आणि तुमचा प्रॉब्लेम तिथं सुटणाराही नाही.

बहुतेकांना वाटतं की क्लीनअप सॉफ्टवेअर अख्खा कॉम्प्युटर हुडकून कुठले प्रोग्राम आहेत ते शोधतं. तसं नसतंय. त्याच्याकडं नियमांची एक फाईल असते, आणि प्रत्येक प्रोग्रामच्या नावापुढं लिहिलेलं असतं की रजिस्ट्रीत अमुक की (म्हणजे नोंद) असली किंवा अमुक जागी अमुक फाईल वा फोल्डर असला तर हा प्रोग्राम 'आहे' असं समजा. बास, एवढंच. म्हणजे वाड्यात कोण राहतंय हे क्लीनअप दारावरची पाटी वाचून सांगतं, आत डोकावत नाही. भाडेकरू सोडून गेला आणि पाटी तशीच राहिली तर ते 'आहे' म्हणणार, नवा आला आणि पाटी लावली नाही तर 'नाही' म्हणणार. तुमच्याकडं दोन्ही एकदमच झालंय.

हे नियम उघड्यावर बघायचे असतील तर 'विनॅप२ डॉट आयएनआय' नावाची फाईल बघा, वापरणाऱ्या लोकांनीच मिळून वाढवत आणलेली ही फाईल आहे आणि ब्लीचबिटसारखं ओपन सोर्स सॉफ्टवेअर ती वाचू शकतं. साध्या नोटपॅडमध्ये उघडते. 'डिटेक्ट' या शब्दापुढं रजिस्ट्रीची की असते, 'डिटेक्टफाईल'पुढं फाईलचा नाहीतर फोल्डरचा पत्ता, आणि 'फाईलकी'पुढं काय पुसायचं ते. एका प्रोग्रामला असे चार डिटेक्ट असले तर चारातला एक जुळला तरी पुरतं. म्हणून तर जुनी सॉफ्टवेअर यादीतनं हलत नाहीत. अनइन्स्टॉल करताना प्रोग्राम स्वतःच्या फाईली नेतो, पण रजिस्ट्रीतल्या 'करंट युजर' (फक्त तुमच्या लॉगिनपुरता भाग) खालच्या तुमच्या सेटिंगची की आणि अ‍ॅपडेटातला (प्रोग्रामचा डेटा साठवायच्या जागेतला) फोल्डर पुष्कळदा मागं ठेवतो, पुढं परत टाकला तर सेटिंग तयार मिळावी म्हणून.

तर पीडीएफवाल्याचं असं करा. क्लीनअपमध्ये फक्त त्याच्यावर टिक करून नुसता प्रिव्ह्यू किंवा अ‍ॅनलाईज घ्या, पुसू नका. शून्य फाईली दाखवल्या तर नुसती पाटी उरलीय, तिच्यानं काही बिघडत नाही, राहू द्या. फाईली दाखवल्या तर त्या बहुतेक खरोखरचा कचराच असतात, यादीवर एकदा नजर टाकून पुसा. तरीही नावच डोळ्यासमोर नको असेल तर रेगएडिटमध्ये (विंडोजचा रजिस्ट्री बदलायचा प्रोग्राम) 'डिटेक्ट'पुढची ती एकच की शोधा, आधी एक्स्पोर्ट करून ठेवा, मग काढा.

आता ब्राउझर, आणि इथं जरा थांबून बघायला लागतंय. पोर्टेबल प्रोग्राम इन्स्टॉल होत नाही, म्हणून 'अनइन्स्टॉल'च्या यादीत त्याची की नसते आणि नियमात लिहिलेले पत्ते तर सी ड्राईव्हवरचे, मग तो दिसणार कुठनं? पण आधी त्याचा डेटा नक्की कुठं साठतोय ते बघा. क्रोमच्या जातीचा असेल तर अ‍ॅड्रेस बारमध्ये 'क्रोम', कोलन, दोन स्लॅश आणि 'व्हर्जन' टाईप करा, 'प्रोफाईल पाथ'पुढं पत्ता येईल. तो डी ड्राईव्हचा असेल तर त्याची कॅश (तात्पुरत्या साठवलेल्या फाईली) पुसून तुमच्या सी ड्राईव्हवर एक एमबीसुद्धा मोकळी होणार नाही, तेवढी खटपट वाया. उलट कुणी नुसताच फोल्डर कॉपी करून डी वर ठेवला असेल तर प्रोग्राम डी वर आणि डेटा सी वर लोकलअ‍ॅपडेटामध्ये, असंही निघतं. पण तुमच्या यादीत ब्राउझर दिसतच नाही, म्हणून मला पहिली शक्यता जास्त वाटते. डेटा सी वर निघालाच तर ब्लीचबिटच्या प्रेफरन्सेसमध्ये 'कस्टम' टॅबवर तो कॅशचा फोल्डर जोडा. फक्त कॅशचाच हं! अख्खा प्रोफाईल फोल्डर जोडलात तर पासवर्ड, बुकमार्क सगळं जाईल आणि ते परत आणता येत नाही. नियमाच्या फाईलीतही स्वतःची ओळ लिहिता येते, पण फाईल अपडेट झाली की ती ओळ पुसली जाऊ शकते, म्हणून कॉपी काढून ठेवा.

ब्लीचबिटमध्ये गैरलागू क्लीनर लपवायचा एक पर्याय आहे, तो बंद केला की ब्लीचबिटच्या स्वतःच्या नियमांतले न सापडलेले प्रोग्रामही यादीत येतात. त्या नियमांपुरतं तरी, नियमच नाही की नियम आहे पण जुळत नाही, हे त्यावरनं कळतं.

प्रश्न : माझ्या लॉगिनमध्ये एक प्रोग्राम क्लीनअपला दिसतो, मुलाच्या लॉगिनमध्ये तोच दिसत नाही. असं का?
– एक वाचक, कळंबा

उत्तर : बहुधा तो प्रोग्राम फक्त तुमच्या युजरपुरता इन्स्टॉल झालाय, म्हणजे त्याची की रजिस्ट्रीत 'लोकल मशीन' (सगळ्या युजरसाठीचा भाग) खाली नसून तुमच्या 'करंट युजर'खाली आहे. मुलाच्या लॉगिनचा 'करंट युजर' वेगळा. आणि मुलाच्या लॉगिनमधनं क्लीनअप चालू करताना तुमचा अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकत असाल तर ते सॉफ्टवेअर तुमच्या नावानं चालतं आणि कचराही तुमचाच पुसतं, मुलाचा तसाच राहतो. त्याच्या लॉगिनमध्ये अ‍ॅडमिनशिवाय चालवून बघा.