शंका बोलून दाखवणारा ख्रिस्ती माणूस विश्वासातून ढळलेला असतो का?

आपला प्रश्न असा आहे की, नरक आणि सार्वकालिक शिक्षा यांविषयीची शिकवण मनाला पटत नसेल, तर पाळकांशी व घरच्यांशी संबंध न बिघडवता त्याविषयी बोलावे कसे. शंका हे पाप नाही, हे मी आधीच स्पष्टपणे सांगतो.

तरुणपणी एका बायबल अभ्यासात मी विचारले होते की, ज्यांच्या कानावर सुवार्ता कधी पडलीच नाही, त्यांचा न्याय देव कसा करील. मंडळीतील एका वडिलांनी उत्तर न देता याकोबाच्या पत्रातील वचन वाचले, ज्यात संशय धरणाऱ्याला वाऱ्याने हेलकावणाऱ्या समुद्राच्या लाटेची उपमा दिली आहे, आणि लगेच सर्वांसमोर माझे नाव घेऊन माझ्या विश्वासासाठी प्रार्थना केली. त्यानंतर कित्येक महिने लोक माझ्याशी आजारी माणसाशी बोलावे तसे बोलत. अशा प्रार्थनेला मी प्रार्थना मानत नाही. ती समोरच्याचे तोंड बंद करण्याची सभ्य रीत आहे.

शिवाय ते वचन तिथे लागूच नव्हते. त्याच्या आधीच्याच वचनात याकोब म्हणतो की, ज्याला ज्ञानाची उणीव आहे त्याने ते देवाजवळ मागावे, कारण देव दोष न लावता देतो. म्हणजे संशयाविषयीचा तो इशारा देवाच्या औदार्याविषयी आहे, अभ्यासात प्रश्न विचारणाऱ्याविषयी नव्हे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरी ते पवित्र शास्त्रातून कोणी काढून टाकले नाही. आणि ‘माझा अविश्वास घालवून टाका’ अशी विनवणी करणाऱ्या बापाच्या मुलाला येशूने बरे केले, त्या बापाची आधी परीक्षा घेतली नाही.

बोलावे कसे, याविषयी मला जर्मनीतील मारबर्ग येथील 1529 ची भेट महत्त्वाची वाटते. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचे दोन पुढारी, ल्यूथर आणि झ्विंग्ली, यांचे पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झाले आणि प्रभुभोजनात, म्हणजे भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीत, ख्रिस्ताचे शरीर व रक्त प्रत्यक्ष असते की नाही, यावर ते अडले. तरीही पंधराव्या कलमात त्यांनी लिहून ठेवले की, सद्‌सद्विवेकबुद्धी परवानगी देईल तितकी ख्रिस्ती प्रीती दोन्ही पक्षांनी एकमेकांवर करावी. पुढे दोन्ही बाजूंनी ते फारसे पाळले नाही, हा दोष त्या माणसांचा. आपण पाळकांना एकांतात भेटा, आधी त्यांचे मत त्यांना मान्य होईल अशा शब्दांत मांडून दाखवा आणि मगच आपली अडचण सांगा. पाळक एखादे वचन वाचून विषय मिटवू लागले, तर त्या वचनाच्या मागचीपुढची वचनेही वाचण्याची विनंती करा. त्यात अनादर नाही.

मात्र घरी कोणाचे नुकतेच निधन झाले असेल, तर नरकाचा विषय तूर्त काढू नये. तसेच सौम्यपणा म्हणजे गुळमुळीतपणा नव्हे: अंत्युखिया शहरात प्रेषित पौलाने प्रेषित पेत्राला तोंडावर विरोध केला होता, आणि तोही सर्वांसमक्ष.