नाझ्का 'लिपी' नव्हे, रेघा म्हणा

प्रश्न असा आलाय की पेरूमधल्या नाझ्का लाइन्सना, म्हणजे तिथल्या वाळवंटात जमिनीवर काढलेल्या प्रचंड आकृत्यांना, मराठीत कातळशिल्प म्हणावं की भूचित्र, आणि चॅनलवाले 'नाझ्का लिपी' म्हणतात ते बरोबर आहे का.

लिपी तर अजिबात नाही. कालच परत एका व्हिडिओत ऐकलं, 'अज्ञात लोकांची गूढ लिपी', आणि चहा सांडायचा बाकी राहिला. तिथे एक अक्षर नाही. माकड आहे, कोळी आहे, हमिंगबर्ड आहे, आणि बाकी बऱ्याचशा नुसत्या सरळ रेघा नि मोठमोठे चौकोन-त्रिकोण.

कातळशिल्प पण नाही, कारण कातळच नाही. आपल्या रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, जांभा खरोखर खोदलाय, कशेळीचा हत्ती जवळपास 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात माशांपासून वाघापर्यंत इतर प्राण्यांची गर्दी, तिथे उभं राहिलं की आधी काहीच कळत नाही, मग एकदम सोंड दिसते. पायाखालच्या खाचेत सावली पडते, तिच्यावरून आकार लागतो, म्हणून भर दुपारी जाऊ नका, सकाळी नाहीतर उतरत्या उन्हात जा. तर त्याला कातळशिल्प म्हणणं योग्य. (शिल्प म्हणजे फक्त पुतळा असं समजून नाक मुरडणाऱ्यांनी संस्कृत कोश उघडावा, शिल्प म्हणजे मुळात हुन्नर, कारागिरी.) पण नाझ्काच्या पाम्पावर, पाम्पा म्हणजे केचुआ भाषेत सपाट मैदान, तिथे वर काळपट-लालसर दगडगोटे पसरलेत आणि खाली फिकी जमीन आहे. नाझ्का लोकांनी वरचे दगड उचलून बाजूला रचले आणि फिकी पट्टी उघडी केली, खोली जेमतेम 10 ते 15 सेंटीमीटर. पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून दोन हजार वर्षं टिकलं. आपण 'काळ्या दगडावरची रेघ' म्हणतो ना, तिथे उलटं, काळा दगड उचलला की रेघ!

म्हणून माझं मत, रेघच म्हणा. रेषा नको, ती भूमितीच्या वहीतली वाटते.

आता खरी गंमत. रेघ आली रेखावरून, आणि रेखा आणि लेखा हे एकाच धातूचे दोन अवतार, रिख् आणि लिख्, र-ल ची अदलाबदल. आणि या धातूचा जुना अर्थ लिहिणं नाहीच, ओरखडणं आहे. ऋग्वेदात सहाव्या मंडलात पूषन् देवाला म्हटलंय 'आ रिख', पणींची (धन दडवून ठेवणाऱ्या कंजुषांची) काळीजं ओरबाडून काढ. तिथे कुठली वही नि कुठली लेखणी! पुढे अक्षरं ओरखडून काढायला लागले म्हणून लिख् चं लिहिणं झालं. पण मला सगळ्यात आवडतं ते धातुपाठातलं, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या अर्थासकट यादीतलं, तिथे कृष् म्हणजे नांगरणे या धातूचा अर्थ कसा दिलाय माहितीये? 'कृष विलेखने'. विलेखन! म्हणजे शेतकरी नांगर धरतो तेव्हा तो जमिनीवर 'लिहितो'. नांगराच्या रेघेला आपण तास म्हणतो, ते मी तासणे वरून आलं असं धरतो, एका निवृत्त प्राध्यापकांना ते पटत नाही, त्यांनी मला फोनवर पाऊण तास (हा तास अरबी-फारसीतला, वेगळा) समजावलं आणि शेवटी स्वतःची व्युत्पत्ती काही दिली नाही. असो.

त्याच सरांनी नाझ्कासाठी 'भू-उत्कीर्णन' सुचवलंय. अहो, कोण बोलणार हे? बरं, उत्कीर्णही वाईट नाही मुळात, उद् आणि कॄ, वर उधळणे, आणि त्यातूनच आपलं 'उकरणे' आलं, दगड बाजूला फेकण्याला तर ते अगदी चपखल आहे, हे मला मान्य करावं लागतंय. मग सरळ 'उकरलेल्या रेघा' म्हणा की! जमिनीवरच्या अशा आकृतीला म्हणतात ते ग्रीकमधलं जिओग्लिफ पण काय मोठं लागून गेलं, ग्लिफ म्हणजे कोरणं, आणि नाझ्काला कोरलंय कुठे. तो शब्द आपल्या कशेळीलाच जास्त शोभतो.

'अज्ञात' वरही माझा राग आहे. नाझ्का लोक अज्ञात नाहीत, त्यांची मडकी सापडलीत आणि रेघांमधले प्राणी त्या मडक्यांवर पण आहेत. परग्रहवाल्यांची धावपट्टी वगैरे म्हणणाऱ्यांना सांगा, 1982 साली जो निकेल या अमेरिकन संशोधकाने केंटकीत खुंट्या, दोरी आणि घरच्या-ओळखीच्या पाच-सहा माणसांना घेऊन तिथला 440 फुटी पक्षी हुबेहूब काढून दाखवला. रेघा सूर्य-ताऱ्यांच्या दिशा दाखवतात ही खगोलवाली थिअरी जरा बरी, अमेरिकन इतिहासकार पॉल कोसॉकने 1941 मध्ये एका रेघेच्या टोकाला मावळता सूर्य पाहिला आणि मग जर्मन गणितज्ञ मारिया राइखेने अख्खं आयुष्य घातलं त्यात, हातात झाडू घेऊन रेघा साफ करायची बाई. पण 1968 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जेराल्ड हॉकिन्सने कॉम्प्युटरवर ताडून पाहिलं तर योगायोगापलीकडे काही जुळेना. मला आपलं चालायच्या वाटा वाटतात, एकाच अखंड रेघेत माकड काढलंय, म्हणजे एका टोकाने शिरा, दुसऱ्याने बाहेर. आपल्याकडे परग्रहवाल्यांची जागा पांडवांनी घेतलीये, नाशिकची लेणी बौद्धांची, दात्यांची नावं भिंतीवर कोरलेली, तरी नाव पांडवलेणी!

कोकणात मात्र कर्ता खरंच माहीत नाही, आणि तिथल्या चित्रांत शेतीचं काही दिसत नाही, शिकारी माणसं असावीत. म्हणजे कृष् यायच्या आधीच विलेखन करून मोकळे झाले, हे मला फार आवडतं.

हां, भूचित्राचं विचारलं होतं ना. माकड-कोळ्याला चालेल. 2024 मध्ये जपानच्या यामागाता विद्यापीठाने एआय लावून आणखी 303 आकृत्या शोधल्या, त्यांनाही चालेल. पण ज्या नुसत्या सरळ काही किलोमीटर जातात, टेकडी आली तरी वळत नाहीत, त्यात चित्र कुठलं काढणार तुम्ही?