देव न मानणारा माणूस धर्माबद्दल का बोलतो?

नास्तिकांना देवच मान्य नाही, तर ते देवाधर्माच्या चर्चेत का पडतात, ज्याला क्रिकेट आवडत नाही तो काही क्रिकेटवर वाद घालत बसत नाही, असा आपला प्रश्न आहे. मी वीस-बावीस वर्षांपासून नास्तिक आहे आणि अशा चर्चांमध्ये आवर्जून भाग घेतो, म्हणून उत्तर देत आहे. मात्र ते माझ्यापुरते आहे. नास्तिकांना गुरू नाही, ग्रंथ नाही आणि सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणी कोणाला दिलेला नाही.

एके काळी माझेही मत आपल्यासारखेच होते. ज्याला जे मानायचे ते त्याने मानावे, आपण आपल्यापुरते मोकळे राहावे आणि घरात वाद नको म्हणून कार्याच्या दिवशी गप्प बसावे, असे मी अनेक वर्षे करीत आलो. ते मत वडिलांच्या दहाव्याच्या दिवशी बदलले.

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे, तेथे माहुलीच्या घाटावर आम्ही विधीसाठी गेलो होतो. मुलगा म्हणून मी बसावे अशी आईची इच्छा होती आणि तिच्या त्या अवस्थेत तिला नाही म्हणणे मला शक्य नव्हते. गुरुजींनी सांगितले तसे मी भाताचे पिंड केले, त्यांवर तीळ घातले, आणि वडिलांना आवडायची म्हणून कांदाभजी व कपभर चहा शेजारी ठेवला. मग सगळे मागे सरून कावळ्याची वाट पाहू लागले. त्या दिवशी घाटावर आणखी तीन घरांचे दहावे होते आणि कावळे सकाळपासून त्यांच्या पिंडांवर जेवलेले होते. समोरच्या पिंपळावर ते बसले होते, पण खाली उतरत नव्हते. पाऊण तास गेला, ऊन डोक्यावर आले. चुलत्यांनी हात जोडून "वहिनींना आम्ही अंतर देणार नाही" असे सांगून पाहिले, मी आईला सांभाळीन असे माझ्याकडूनही म्हणवून घेतले, तरी कावळा शिवेना.

तेव्हा माझी आत्या म्हणाली, "त्याचा जीव पोरीत अडकलाय." माझी धाकटी बहीण तेव्हा वर्षभरापासून माहेरी होती. ती सासरहून का आली, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होते आणि तिच्या डाव्या मनगटावरची खूण अजून गेलेली नव्हती. "तिने एकदा म्हणावं, मी नांदायला परत जाते म्हणून. बघा कावळा येतो की नाही." सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. ती माझ्याकडे पाहत होती. कावळ्यांचे पोट भरलेले आहे, आणि एवढी माणसे जवळ उभी असताना ते उतरणार नाहीत, हे मला दिसत होते. ते एक वाक्य बोलायला मला अर्धे मिनिट पुरले असते. पण हा धर्माचा विषय आहे, आपण मानत नाही, मग आपण यात कशाला पडा, असा विचार करून मी खाली पाहिले. बहिणीने हात जोडले आणि ते शब्द उच्चारले. लोक चार पावले मागे हटले, आणि थोड्या वेळाने एक कावळा उतरून भजी घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात तिला सासरी पोहोचवण्यात आले. चौदा महिन्यांनी ती परत आली, तेव्हा तिच्या एका कानाला कमी ऐकू येत होते.

आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर येथे आहे. क्रिकेट न आवडणाऱ्या माणसाच्या घरी येऊन क्रिकेट कोणताही निर्णय करीत नाही. धर्म करतो, आणि करताना घरातला कोण मानतो व कोण मानत नाही, याची चौकशी करीत नाही. देव आहे की नाही या प्रश्नात मला आता फारसा रस उरलेला नाही. त्याच्या नावाने ठरणाऱ्या गोष्टींमध्ये मात्र मला रस आहे, कारण त्या माझ्या माणसांच्या अंगावर येतात. त्या ठरत असताना न मानणाऱ्याने बाजूला बसायचे, असा नियम केला, तर घाटावर माझ्या बहिणीच्या बाजूने बोलू शकणारा जो एकच माणूस हजर होता, तोच त्या नियमाने गप्प होतो.

घराबाहेरही असेच आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा ज्यांना लागू होतो, त्यांच्यात मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नसलेली इतर माणसेही सर्वसाधारणपणे येतात, म्हणजे हिंदू घरात जन्मलेल्या नास्तिकाचे लग्न, घटस्फोट आणि पोटगी हे सगळे धर्माच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याखालीच चालते. माझ्या बहिणीचा घटस्फोटही त्याच कायद्याने झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये असे स्पष्ट केले की, सरकारी अर्जात धर्म लिहिण्याची सक्ती कोणावर करता येत नाही आणि आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा अधिकार संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदातील सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात येतो. असा निर्णय कोणाला तरी न्यायालयात जाऊन, वाद घालून मिळवावा लागतो. विशेष म्हणजे ही याचिका करणारे नास्तिक नव्हते, ते येशूला मानणारे लोक होते, पण आपल्याला कोणत्याही संघटित धर्माचे म्हणू नये असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या श्रद्धेसाठी मिळालेल्या मोकळिकीत माझ्यासारख्यालाही जागा झाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे हा प्रश्न नवाही नाही. १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात जो वाद पेटला, त्यात वरवर पाहता मुद्दा शास्त्राचा होता: गर्भाधानाचा संस्कार केव्हा व्हावा आणि परक्या सरकारने धर्मात हात घालावा का? टिळकांनी सरकारी हस्तक्षेपाला विरोध केला आणि आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली. आगरकर अज्ञेयवादी होते, म्हणजे देव आहे की नाही हे माणसाला कळू शकत नाही असे मानणारे. शास्त्रार्थाशी आपल्याला कर्तव्य नाही असे म्हणून त्यांना सहज दूर राहता आले असते, परंतु त्या शास्त्रार्थाच्या तळाशी दहा-बारा वर्षांच्या मुली होत्या. शरीरसंबंधाला मुलीची संमती ग्राह्य धरण्याची वयाची मर्यादा कायद्याने दहावरून बारावर नेली, एवढाच त्याचा पल्ला होता, आणि तेवढ्यासाठीही रान उठले. सुधारणेचा पक्ष घेतल्याबद्दल आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली, हे आपण शाळेत वाचतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. मला त्या प्रसंगाचा विचार करताना नेहमी वाटते की, ते गप्प बसले असते तर त्यांच्या अज्ञेयवादाला कोणीही हरकत घेतली नसती. मनातल्या मनात न मानणाऱ्याचा आपल्या समाजाला फारसा त्रास होत नाही. तो बोलू लागला की होतो.

साताऱ्याचा असल्यामुळे डॉ. नरेंद्र दाभोलकरांविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ते स्वतः नास्तिक होते, पण १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका देवाधर्माला विरोध करण्याची नव्हती. त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला विरोध करण्याची होती, आणि समितीत श्रद्धाळू कार्यकर्तेही होते. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी सुमारे १८ वर्षे जे केले, त्यातला मोठा भाग चर्चेचाच होता: वारकऱ्यांशी, आमदारांशी, वर्तमानपत्रांतल्या टीकाकारांशी, हा कायदा आमच्या पूजेवर बंदी आणील अशी भीती वाटणाऱ्यांशी. मसुदा त्या चर्चेत पुन्हा पुन्हा बदलला. आज कायदा वाचला तर प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही असे त्यात स्पष्ट लिहिलेले आढळते. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला गेले असताना पुण्याच्या विठ्ठल रामजी शिंदे पुलावर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. करणी काढतो म्हणून मारहाण करणाऱ्या भोंदूवर आज पोलीस गुन्हा नोंदवू शकतात, तो या कायद्याने. हे काम केवळ श्रद्धाळूंवर सोपवून नास्तिकांनी घरी बसायला हवे होते, असे आपल्याला वाटते का, हा प्रश्न मी मनापासून विचारतो आहे.

ही चर्चा फक्त मानणाऱ्यांची आहे, नास्तिक तिच्यात बाहेरून येतो, हे गृहीतच मला पटत नाही. आपल्या परंपरेत नास्तिक या शब्दाचा जुना अर्थ वेदप्रामाण्य न मानणारा असा आहे, आणि त्या अर्थाने चार्वाकांबरोबर बौद्ध आणि जैनही नास्तिक ठरतात. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्व दर्शनांचा परिचय करून देणारा ग्रंथ लिहिला, तेव्हा ते स्वतः वेदान्ती असूनही पहिले प्रकरण चार्वाकाचे ठेवले. खंडन करण्यासाठी का होईना, त्याला पंक्तीत पाट मांडलेला होता.

आता आपल्या प्रश्नामागे कदाचित एखादा कडू अनुभव असेल, तर तो मी नाकारणार नाही. चर्चेत केवळ दुसऱ्याला मूर्ख ठरवण्यासाठी उतरणारे नास्तिक असतात, आणि तिशीच्या आत मीही त्यांच्यापैकी होतो. माझे एक मामा माळकरी होते. आषाढीला पायी जाऊन आलेल्या त्या थकलेल्या माणसाला मी जेवणाच्या ताटावर विचारले होते की, विठ्ठलाने यंदा पाऊस का पाडला नाही. ते काही बोलले नाहीत, हात धुऊन उठले. त्या प्रश्नात कोणाच्याही भल्याचा विचार नव्हता. मामांच्या वारीने कोणाचे काही बिघडत नव्हते, उलट वाटेत ते चार आजाऱ्यांचे पाय चेपून येत. ज्या श्रद्धेने कोणाचे नुकसान होत नाही, तिच्याशी मी आता वाद घालत नाही. कोणी आजारी असताना किंवा नुकतेच माणूस गेलेल्या घरात, न विचारता मत देत नाही. मात्र त्याच घरात एखाद्या जिवंत माणसाकडून काही वदवून घेतले जात असेल, तर बोलतो.

आत्याशी मी त्या दहाव्यानंतर पुष्कळ बोललो. पहिली दोन वर्षे ती माझ्याशी नीट बोलतही नव्हती. पुढे बहिणीच्या कानाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ती दवाखान्यात आमच्याबरोबर आठ दिवस राहिली, आणि रात्री बाकावर बसून आम्ही कावळा, पिंड, आत्मा, इच्छा या सगळ्यांवर बोलत राहिलो. तिची श्रद्धा गेलेली नाही, ती जावी अशी माझी अपेक्षाही नाही. ती आजही रोज तुळशीला पाणी घालते आणि पितृपक्षात पान ठेवते. गेल्या महिन्यात तिने फोन केला होता. आता ती ब्याऐंशी वर्षांची आहे. म्हणाली, "माझ्या दहाव्याला तू नक्की ये. आणि कावळा शिवला नाही, तर कुणाकडून काही कबूल करवून घेऊ देऊ नकोस. मीच तसं सांगून ठेवलंय म्हणावं."