महाराष्ट्रातली पहिली वाइन कोणती घ्यावी? तुमची आवडती कोणती?

नाशिकची चेनिन ब्लां घ्या, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन. माझीही सगळ्यात आवडती तीच. मी या धंद्यातला नाही, नुसता हौशी. जे कळतं ते नाशिक-दिंडोरीकडच्या टेस्टिंग रूममध्ये चाखून आणि तिथल्या लोकांना प्रश्न विचारून. सुला वायनरीची चेनिन ब्लां किंचित गोडसर आहे, त्यामुळे नवख्याच्या जिभेला तुरट लागत नाही आणि कोळंबीच्या तिखट रश्श्यासोबतही टिकते. फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवा, बर्फ मात्र घालू नका. पुढची पायरी सॉव्हिन्यों ब्लां, हीही व्हाइटच: ग्लास नाकाशी नेला की पेरू आणि चिरलेली ढोबळी मिरची, असा काहीसा वास येतो. रेडमध्ये अकलूजच्या फ्रातेली वायनरीची सेत्ते, म्हणजे सांजोव्हेजे आणि काबर्ने सॉव्हिन्यों या दोन द्राक्षांचं मिश्रण. महाग आहे, पण मटणासोबत पैसे वसूल. पहिल्याच दिवशी ती नको, तुरटपणाने तोंड आखडेल.

एकच अट: बाटली कुठे ठेवली होती ते बघा. दुकानात ट्यूबलाइटखाली, उकाड्यात महिनोन्‌महिने उभी असलेली व्हाइट वाइन उतरलेली असते, मग नाव कितीही मोठं असो. आपल्याकडे द्राक्षतोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि लेबलवर त्या तोडणीचं साल असतं, म्हणून व्हाइट घेताना ते शक्य तितकं ताजं निवडा.