दुखणं खरं, पण तपासणीत जुळत नाही तेव्हा

अपघाताच्या भरपाईसाठी होणाऱ्या वैद्यकीय तपासणीबद्दलच्या चार प्रश्नांना आज उत्तरं देतो.

प्रश्न : भावाची कंबर अपघातानंतर दुखते. विमा कंपनीच्या डॉक्टरांनी झोपवून पाय सरळ उचलला तेव्हा तो कळवळला, पण खुर्चीत बसवून गुडघा सरळ केला तेव्हा गप्प राहिला. 'नाटक' असा शेरा पडला. (सांगली)

उत्तर : तपासणी बरोबर, शेरा चुकीचा. दोन्ही वेळा ताण एकाच नसेवर येतो, म्हणून आम्ही डॉक्टर ताडून पाहतो. पण बसलेला माणूस नकळत मागे रेलतो आणि ताण कमी होतो. स्कॉटलंडचे अस्थिशल्यविशारद गॉर्डन वॉडेल यांनी १९८० साली अशा खुणांचे पाच गट मांडले. त्यांतले किमान तीन आढळले तरच दखल घ्यायची, आणि तेव्हाही तो खोटेपणाचा पुरावा नव्हे, हे त्यांनीच बजावलं होतं. त्या डॉक्टरांच्या उलटतपासणीत तुमच्या वकिलांनी विचारावं : किती खुणा तपासल्या, किती आढळल्या?

प्रश्न : नवरा यंत्रमागावर होता, उजवं मनगट अधू झालंय. एजंट म्हणतो, तपासणीत हाताला अजिबात जोर लावू नका, अपंगत्वाचे टक्के वाढतील. (इचलकरंजी)

उत्तर : ताई, कृपा करून हे ऐकू नका. पकड मोजायचं यंत्र आम्ही पाच वेगवेगळ्या रुंदींवर दाबायला लावतो. हात कमजोर असला तरी मनापासून दाबणाऱ्याचे आकडे मधल्या रुंदींवर चढतात, दोन्ही टोकांना उतरतात. जोर राखणाऱ्याचे जवळजवळ सपाट येतात. खूप दुखत असलं तरी ते सपाट येऊ शकतात, म्हणून हात खरोखर वापरात आहे का ते कळायला मी टेपने दोन्ही हातांचा घेर मोजतो आणि तळहात उलटा करून घट्टे बघतो.

असाच एक कामगार माझ्यासमोर आला होता. तळहात मऊ पडलेला, उजव्या हाताचा घेर डाव्यापेक्षा दोन सेंटिमीटरने कमी. त्याला तोंड उघडायचीही गरज नव्हती. पण कुणीतरी पढवलं होतं, म्हणून त्याने खांदाही उचलत नाही असं दाखवलं. शर्ट घालताना मात्र तोच हात सहज वर गेला. मला ते लिहावं लागलं आणि मनगटाच्या खऱ्या इजेवरही संशय आला. अजून वाईट वाटतं.

प्रश्न : बहिणीचा पाय उचलत नाही, पण नसा शाबूत आहेत म्हणतात. सोंग आहे का? (नाशिक)

उत्तर : बहुधा नाही. उताणं झोपवून दुबळ्या पायाच्या टाचेखाली हात ठेवायचा आणि चांगला पाय उचलायला सांगायचा. टाच हातावर दाबली गेली, तर स्नायूंत ताकद आहे. ही अमेरिकन डॉक्टर हूवर यांची १९०८ सालची खूण. पण मेंदूकडून पायाकडे जाणारा हुकूम बिघडण्याचा एक खरा आजार आहे, त्यातही हेच दिसतं. तिला न्यूरॉलॉजिस्टकडे न्या आणि फिजिओथेरपी सुरू करा.

प्रश्न : प्रमाणपत्रावर ४० टक्के, पण न्यायाधिकरणाने कमी धरले. (लातूर)

उत्तर : अवयवाचं अपंगत्व वेगळं, कमाईचं नुकसान वेगळं. राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. हात गेल्यावर ड्रायव्हरची रोजी जाते, कारकुनाची टिकू शकते. अपिलाचा विचार असेल तर तुम्ही नेमकं कोणतं काम करत होता आणि आता त्यातलं काय जमत नाही, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षीत आलं होतं का, ते वकिलांकडून आधी तपासून घ्या.