एकच पदार्थ वीस वेळा

प्रिय स्नेही,

सप्रेम आशीर्वाद. तुझे पत्र आणि त्यासोबत जोडलेली यादी, दोन्ही मिळाले. येत्या वर्षात बावीस नवे पदार्थ शिकायचे, चौदा प्रकारची रोपे लावायची, नऊ डोंगर चढायचे आणि सहा शहरे पाहायची, असा तुझा संकल्प आहे. तो वाचून मला आनंद झाला, कारण रोजच्या जगण्यात सुख शोधावे असे वाटणे हीच मोठी गोष्ट आहे. तरीही तुझ्या जागी मी असतो, तर या यादीतली बहुतेक नावे खोडली असती, प्रत्येक प्रकारातले एकेकच ठेवले असते आणि तेच वर्षभर पुन्हा पुन्हा केले असते. हा सल्ला तुला हात आखडता घेतल्यासारखा वाटेल, म्हणून त्यामागची कारणे जरा सविस्तर लिहितो.

स्वयंपाक रोजचा असतो, म्हणून त्यापासून आरंभ करू. कांदा परतण्यासारखी अगदी साधी क्रिया घे. पाककृतींमध्ये बहुधा ‘पाच मिनिटे परतून कांदा तांबूस करावा’ असे लिहिलेले असते; नवशिका माणूस घड्याळ लावून बसतो, पाच मिनिटांनी कांदा पांढराच दिसतो, मग तो आच वाढवतो आणि कडा करपतात. दोष त्याच्या हाताचा नसतो. कांद्यात जवळजवळ 90 टक्के पाणी असते, आणि ते पाणी निघून जाईपर्यंत कांद्याचे तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसे वर जाऊ शकत नाही. तांबूस रंग आणि खमंग वास ज्या अभिक्रियेमुळे येतो, तिचे वर्णन लुई-कामीय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये केले. ती वेगाने होण्यासाठी साधारण 140 अंशांच्या पुढे जावे लागते. म्हणजे आधी पाणी आटायला हवे आणि रंग त्यानंतरच चढणार. मंद आचेवर कांदा गडद आणि गोडसर करायचा असेल, तर पाऊण तासही लागू शकतो.

हे सारे एका पत्रात वाचून तुला समजेल, पण हातात उतरणार नाही. ते उतरते ते एकच पदार्थ वीस वेळा केल्यावर. सुरुवातीला तुझी नजर घड्याळावर राहील, पुढे ती रंगावर स्थिरावेल, आणि कधीतरी असा दिवस येईल की पाठमोरे उभे राहून दुसरे काम चालू असतानाही भांड्यातला आवाज बदललेला तुझ्या कानाला कळेल; पाणी उकळतानाचा भरलेला आवाज जाऊन तेलाची बारीक, कोरडी चुरचुर सुरू होते, तोच तो क्षण. मला विचारशील तर स्वयंपाकातले सर्वांत मोठे सुख या ओळखीत आहे, आणि बावीस पदार्थ एकेकदा करणाऱ्याला ते लाभत नाही.

मात्र पुनरावृत्ती डोळसपणे करावी. दर खेपेस एकच गोष्ट बदल: एकदा मीठ सुरुवातीलाच घालून पाहा, एकदा शेवटी, एकदा भांडे काठोकाठ भर, एकदा निम्मेच. मीठ आधी घातले की कांदा लवकर पाणी सोडतो, आणि भांड्यात दाटी झाली की सुटलेली वाफ अडकून कांदा परतण्याऐवजी शिजतो, हे तुझे तुलाच दिसेल. जे दिसेल ते दोन ओळींत लिहून ठेव. शक्य असेल तर तो पदार्थ दर वेळी एकाच माणसाला वाढ, कारण आधीची चव ज्याच्या लक्षात आहे तोच फरक सांगू शकतो. उपकरणांवर पैसे घालवू नकोस. एक चांगली सुरी घे आणि तिला नियमितपणे धार लाव. बोथट सुरी कांदा चिरण्याऐवजी चेंगरते, त्यामुळे डोळ्यांत पाणी अधिक येते, आणि ती घसरून बोट कापण्याचा धोकाही वाढतो.

बागेविषयी मला अधिक तळमळीने लिहायचे आहे, कारण तिथे मी जिवंत रोपे गमावून शिकलो. माझ्या पहिल्या वर्षी मी कुंड्यांमध्ये बरीच रोपे लावली होती आणि त्या सर्वांना प्रेमाने सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होतो. पाने मलूल झाली, तेव्हा ती तहानलेली आहेत असे समजून पाणी आणखी वाढवले आणि पंधरवड्यात बहुतेक रोपे गेली. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो हे मला ठाऊक नव्हते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती कुजू लागतात, आणि कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नसल्याने रोप ओल्या मातीत उभे राहूनही सुकलेलेच दिसते. आता मी आधी बोट दोन-तीन सेंटीमीटर मातीत खुपसून पाहतो. आत कोरडे लागले तरच पाणी घालतो, आणि घालतो तेव्हा ते कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत घालतो.

म्हणून चौदा प्रकार नकोत. टोमॅटो घे, त्याची चार-पाच रोपे लाव आणि बियांपासून बियांपर्यंतचा पूर्ण फेरा पाहा. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पटींहून खोल पेरू नकोस. मातीत ऊब असेल तर साधारण आठवड्याभरात दोन लांबट, साधी पाने वर येतील; ती बीजपत्रे, म्हणजे बियांनी सोबत आणलेली शिदोरी. त्यानंतर फुटणारी कातरलेल्या कडांची पाने ही टोमॅटोची खरी पाने. फुले लागली की रोज सकाळी देठावर बोटाने हलकेच टिचकी मार. टोमॅटोच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, पण पराग सुटण्यासाठी त्याला कंप लागतो. मोकळ्या बागेत ते काम वारा आणि भुंगे करतात, बंदिस्त सज्जात ते तुला करावे लागेल. सर्वांत चांगल्या झाडावरचे एक फळ पूर्ण पिकू दे, त्याच्या बिया गरासकट दोन-तीन दिवस आंबव, मग धुऊन सावलीत वाळव आणि पुढच्या वर्षी त्याच पेर. त्यासाठी बी मात्र सरळ वाणाचे हवे. संकरित वाणाचे गुण पुढच्या पिढीत तसेच्या तसे उतरत नाहीत. दुसऱ्या वर्षी मातीतून जे वर येईल, ते तुझ्या आदल्या उन्हाळ्या-पावसाळ्याचे अपत्य असेल. ते पाहताना काय वाटते, हे मी इथे लिहून तुझा आनंद आधीच वापरून टाकणार नाही.

कांद्याची साले आणि भाज्यांचे देठ याच बागेत जिरव. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट आकारमानाची वाळलेली पाने त्यात मिसळली आणि ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओलसर ठेवला, तर त्याला दुर्गंधी येत नाही. ढीग पुरेसा मोठा असेल तर तो आतून 55-60 अंशांपर्यंत तापतो.

डोंगराबाबतही माझे तेच म्हणणे आहे. घरापासून सहज गाठता येईल असा एक डोंगर निवड आणि प्रत्येक ऋतूत किमान दोनदा चढ. पहिल्या चढाईत तुझे सारे लक्ष पायांखाली आणि श्वासावर असेल. वाट पाठ झाली की डोळे मोकळे होतात, आणि मग कोणते झाड कधी पालवते, कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, हे दिसू लागते. शरीरही पुनरावृत्तीला उत्तर देते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आपले वजन पेलतात, त्यामुळे त्यांना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिने उतरणे नकोसे होते. पण पुढच्या दोन-चार आठवड्यांत तोच उतार पुन्हा उतरलास, तर दुखणे स्पष्टपणे कमी असते.

वेळेच्या बाबतीत मात्र हयगय करू नकोस. एका अनोळखी डोंगरावर मी नकाशावरचे अंतर पाहून वेळ ठरवली होती, चढ जमेस धरला नव्हता, आणि शेवटचा तासभर मला अंधारात चाचपडत उतरावे लागले. सोबतच्या तरुणांची जबाबदारी माझ्यावर होती, ही गोष्ट आजही मला बोचते. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला आडाखा मला तेव्हा माहीत असायला हवा होता: दर 5 किलोमीटरला एक तास आणि त्यावर दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा आणि विश्रांती वगळून आहे, तेव्हा आपण त्यात भरपूर भर घालावी आणि परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावी. पुढे कधी उंच पर्वतावर मुक्कामाला जाशील, तेव्हा तुझा स्वयंपाक तिथेही उपयोगी पडेल. दर 300 मीटर उंचीमागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने खाली येतो, त्यामुळे 3000 मीटरवर पाणी 90 अंशांच्या आसपासच उकळते आणि खळखळत्या पाण्यातही भात शिजायला बराच अधिक वेळ लागतो.

प्रवासाबद्दल थोडक्यात सांगतो. सहा शहरांऐवजी एकच घे आणि तिथे आठवडाभर राहा. दूरच्या देशात जाणार असशील तर याला आणखी एक कारण आहे: शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण एकाच तासाने सरकते, म्हणजे सहा तासांच्या फरकाशी जुळवून घेण्यातच जवळजवळ आठवडा जातो. मुक्कामाच्या जवळचा एक रस्ता रोज पहाटे आणि रोज रात्री चालून पाहा. तिसऱ्या दिवशी कुणीतरी तुला ओळखून मान हलवेल. जमले तर काही वर्षांनी त्याच शहरात पुन्हा जा.

पेरणीचा हंगाम जवळ आला आहे. बी पेरशील त्या दिवशीची तारीख कुंडीवर लिहून ठेव, आणि पहिले कातरलेले पान कितव्या दिवशी दिसले ते मला कळव. माझ्या कुंड्याही त्याच आठवड्यात भरणार आहे.

तुझा हितचिंतक