बटरफ्लाय पंधराची, पण गाणं पंधराचं नव्हे

प्रश्न : आम्ही वसईचे. मुलगी सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला. लहानपणापासून चर्चच्या क्वायरमध्ये गाते. ऑपेरा आणि म्युझिकलमध्ये करिअर करायचंय. पुच्चिनीच्या ‘मादामा बटरफ्लाय’ या ऑपेरामधलं गाणं मी तिच्याकडून रोज दोन तास करून घेतो. नायिका पंधराची, मग हिला का जमू नये? वेळ वाचावा म्हणून पियानोचा क्लास बंद केला. दीड महिना तिचा आवाज बसलाय, पण डिसेंबरात स्पर्धा आहे. लंडनला प्रवेश मिळेल?
– एक वडील

उत्तर : लंडनचं नंतर बोलू. दीड महिना आवाज बसलाय आणि रियाज चालूच आहे, हे वाचून मला काळजी वाटली. याच आठवड्यात तिला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. ताणून गायल्यानं स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात. वेळेवर कळलं तर विश्रांती आणि आवाजाच्या व्यायामांनी त्या बहुतेकदा बऱ्या होतात. हळदीच्या दुधावर आणखी महिना काढू नका.

कथेतली नायिका चो-चो-सान पंधराची, हे खरं. पण १९०४ साली मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात आलेली ही भूमिका पुच्चिनीनं पिकलेल्या आवाजासाठी लिहिली. ऑपेरात माईक नसतो. अख्ख्या ऑर्केस्ट्रावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो. ते बळ श्वासातून, तयार झालेल्या शरीरातून येतं, आणि गळा विशी-तिशीत हळूहळू भरत जातो. सोळाव्या वर्षी ते गाणं रेटलं, तर मुलगी घशानं जोर लावणार, दुसरं काय करील? म्युझिकलला माईक असतो, पण लंडनच्या वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या भागात आठवड्याला आठ प्रयोग, शिवाय नाच आणि संवाद. तिथेही गळा टिकला तरच काम टिकतं.

पियानो मात्र बंद करायला नको होता. स्वरलिपी वाचणं, सूर पक्का होणं, इटालियन-जर्मन उच्चार, हे सगळं या वयात गळ्याला न दमवता शिकता येतं. क्लास पुन्हा लावा. डॉक्टरांनी परवानगी दिली की मधल्या पट्टीतली जुनी इटालियन गाणी पुरेत.

संगीताच्या ग्रेडच्या परीक्षा आणि बारावी होतील, ऑडिशन त्यानंतर. मुंबईत जन्मलेल्या ऑपेरा गायिका पॅट्रिशिया रोझारिओ लंडनच्या गिल्डहॉल या संगीत-नाट्य विद्यालयात शिकल्या, जगभर गायल्या आणि २०१६ मध्ये मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस पुन्हा उघडलं तेव्हा तिथेही गायल्या. वाट आहे. ती डिसेंबरात बंद होत नाही.

स्पर्धेतून नाव आजच काढून घ्या. आणि हा निर्णय बाबांचा आहे, तू कमी पडली नाहीस, हे तिला तुम्ही स्वतः सांगा.